मधला बाक

डबा हातात घेऊन तो कँटीनच्या दारात आला आणि थबकला. बाक नव्हता. म्हणजे पंखा होता, पंख्याखालची जागा होती, फरशीवर बाकाच्या पायांचे काळपट ठसेसुद्धा होते, पण बाक नव्हता. डावीकडे खिडकीलगत लांब टेबल, ते कायम कामगारांचं. उजवीकडे मोरीलगत तसंच दुसरं, ते कंत्राटी कामगारांचं. आणि इतकी वर्षं दोन्हींच्या मधोमध हा बिनपाठीचा बाक आणि त्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेला तो. ही व्यवस्था कुणी ठरवलेली नव्हती, पण भिंतींइतकीच पक्की होती. आज दोन्ही टेबलांवर माणसं माना खाली घालून जेवत होती. कुणी वर बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे ठरवून बघितलं नाही, कारण तो दारात येताच सगळ्यांचं बोलणं एकदम विझलं. कालपर्यंत तो दिसला की दोन्हीकडून हाका यायच्या, ए तुरटी, इकडे ये जरा, त्यांना सांग बाबा एवढं. आज कुणालाच कुणाला काही सांगायचं नव्हतं. किती वेळ उभं राहिलेलं बरं दिसेल याचा अंदाज घेत तो उभा राहिला. मग काहीतरी विसरल्यासारखं करून खिसा चाचपला, मान हलवली. कुणीच बघत नसताना हे नाटक कुणासाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पाठ फिरवून तो प्रयोगशाळेकडे चालू लागला.

त्याला सगळे तुरटी म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. शहराला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात तो प्रयोगशाळेत होता. नदीचं गढूळ पाणी आत येतं, त्यात तुरटी किती घालायची हे ठरवणं त्याचं काम. म्हणजे नाव ठेवणाऱ्याला फारसं डोकं चालवावं लागलं नसेल. पण नाव चिकटलं ते कामामुळे नाही. दोघांची जुंपली की हा मध्ये. कुणाच्या पाळीवरून, कुणाच्या सायकलच्या जागेवरून, पुढं पुढं युनियनच्या भानगडींवरून. सुरुवातीला त्याला या नावाचा अभिमानच वाटायचा. सभेत उभा राहून तो ठरलेला दाखला द्यायचा, की तुरटी टाकल्यावर पाणी आधी जोरात ढवळतात, पण मग हळू, अगदी हळू, नाहीतर जमलेले गाळाचे पुंजके फुटतात आणि पाणी होतं तसंच गढूळ राहतं. हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं, की तो उभा राहिला की मागून कुणीतरी हातानं हवा हळूहळू ढवळून दाखवायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. एकदा मुकादम म्हणाला, अरे, पण तुरटीचं पुढं काय होतं ते तू कधी सांगत नाहीस. तीही गाळाबरोबर तळालाच जाते ना? तेव्हाही तो हसला होता.

प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांच्या रांगेत पाती गरगर फिरत होती. सकाळचा नमुना लावलेला होता. त्यानं डबा खिडकीत ठेवला आणि उघडला नाही. राग आला होता. राग कसला, डोकं फिरलं होतं. पण गंमत अशी, की मनातल्या मनातही राग नीट शब्दांत येईना. पहिलं वाक्य मनात उमटलं ते असं, की बाक हलवण्यापूर्वी निदान कळवायला हवं होतं. कळवायला हवं होतं! जसा काही तो साहेबांना अर्जच लिहीत होता. माणसाला भर दुपारी, सगळ्यांदेखत, ताटावरून उठवल्यासारखं हाकलून लावलं, आणि त्याच्या मनात येतंय काय, तर कळवायला हवं होतं. त्यानं यंत्राचा वेग कमी केला. पाती मंद झाली. पाण्यात बारीक पांढुरके पुंजके धरायला लागले, आणि नेहमी त्याकडे बघून जे समाधान व्हायचं ते आज काही केल्या होईना.

भांडण तसं साधं होतं, आणि त्यातच त्याचा जीव टांगलेला होता. महिनाअखेरीला जुनं कंत्राट संपतंय, नवा कंत्राटदार आपली माणसं आणणार, तेव्हा सध्याच्या सगळ्या कंत्राटी कामगारांनी घरी जावं, अशी नोटीस फाटकावर लागली होती. या सगळ्यांत त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. नुसता होता नव्हे, त्यांचा पुढारीच होता. त्याला वाचवू शकेल अशी एकच गोष्ट होती. कायम कामगारांनी त्यांच्या बरोबरीनं उभं राहायचं. पंप आणि झडपा कायमवाल्यांच्या हातात होत्या, साहेब कचेरीतले कारकून आणून काही ते चालवू शकत नव्हते. पण कायमवाल्यांचा पुढारी होता मुकादम. तो तुरटीचा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा दोस्त, एका खोलीत राहून एका स्टोव्हवर दोघांनी चहा केलेला. आणि मुकादम आणि धाकटा एकमेकांशी बोलत नव्हते. केंद्रात बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या होत्या. कंत्राटी म्हणत, आम्ही इतकी वर्षं राबलो, त्या जागा आमच्या. कायमवाले म्हणत, त्या जागा आमच्या पोरांना देऊ असा शब्द पूर्वीच्या साहेबांनी दिलाय. दोघांचंही खोटं नव्हतं, आणि दोघंही एक इंच हटायला तयार नव्हते. आणि यावरचा तोडगा तुरटीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. एकाआड एक. एक जागा त्यांच्यातल्याला, पुढची यांच्यातल्याला. चंचुपात्र विसळता विसळता त्याला हे सुचलं होतं, इतकं सोपं, की त्याला हसूच आलं. पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. योग्य वेळ आली की सांगू म्हणाला. आधी दोघांना जरा थंड होऊ दे म्हणाला. आणि ते थंड व्हावेत म्हणून निरोप नेऊ-आणू लागला.

हे निरोप म्हणजे काय होतं, ते त्याचं तोच जाणे. मुकादम म्हणायचा, तुझ्या भावाला सांग, आमच्या पोरांच्या ताटातलं ओढायला आलात तर फाटकात उभं राहू देणार नाही. या टेबलापासून त्या टेबलापर्यंत जाईतो त्याचं व्हायचं, मुकादम म्हणतात, पोरांचा प्रश्न आहे, जरा समजून घ्या. धाकटा दात-ओठ खाऊन म्हणायचा, त्या म्हाताऱ्यांना सांग, तुमच्या मेहेरबानीवर थुंकतो आम्ही, बंद पाडू तर तुमच्यासकट बंद पाडू. ते खिडकीलगतच्या टेबलाशी पोचायचं असं, की धाकटा म्हणतो, संप करायचा झालाच तर तुम्हाला बरोबर घेऊनच. खोटं तो बोलत नव्हता. निदान त्याची तशी खात्री होती. शब्द तेच ठेवायचे, फक्त त्यांचे काटे काढायचे, मासा खाताना काढतात तसे. त्यात त्याला कारागिराचा आनंद मिळायचा. एखादं वाक्य छान साधलं, की रात्री अंथरुणावर पडल्यावर तो ते पुन्हा मनात घोळवायचा. आणि परिणामही दिसत होता. मुकादम म्हणायला लागला होता, तुझा भाऊ वाटला तितका वाईट नाही रे. धाकटा म्हणायला लागला होता, म्हातारा मऊ पडतोय. एवढं झालं तेव्हा त्याला वाटलं, आली वेळ. आता दोघांना समोरासमोर बसवावं आणि एकाआड एक हळूच मध्ये ठेवावं.

आणि काल पाळी सुटल्यावर त्यानं दोघांना आपापल्या चार-चार माणसांसकट फिल्टर हाउसमागच्या खोलीत बसवलं. मुकादमानं घसा खाकरून मोठ्या मनानं सुरुवात केली, की आमच्या पोरांच्या जागांचं तुम्ही समजून घेतलंत हे फार बरं झालं. धाकटा म्हणाला, काय समजून घेतलं? मुकादम म्हणाला, जागांचा हट्ट सोडलात ते. धाकटा म्हणाला, कुणी सोडला? उलट तुम्हीच नरमलात, असा निरोप आहे. मुकादम म्हणाला, मी आणि नरमलो? मग खोलीतल्या सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. आयुष्यात त्याच्याकडे एवढ्या सगळ्यांनी एकदम कधी बघितलं नव्हतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "मी तुझ्याजवळ काय निरोप दिला होता, तो जसाच्या तसा सांग इथं."

त्यानं तोंड उघडलं, आणि आत काही सापडेना. भीतीनं नव्हे. मूळ वाक्यच त्याच्याजवळ उरलं नव्हतं. काटे काढलेलं तेवढं होतं, धुऊन-पुसून ठेवलेलं, आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं हे माहीत होतं, पण ते कुठल्या शब्दांत होतं हे काही केल्या आठवेना. मुकादम मोठ्यानं बोलला असता तर परवडलं असतं. तो म्हणाला, अरे, मी तुझ्या जिवावर आमच्या लोकांना शब्द देऊन बसलो होतो रे. मागे कुणीतरी सवयीनं हात वर करून हवा ढवळली, पण कुणी हसलं नाही. एकाआड एक त्याच्या जिभेवर होतं, अगदी टोकाशी होतं. पण त्या क्षणी त्याच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही शब्दाला कवडीची किंमत नव्हती, आणि एवढी अक्कल त्यालाही होती.

त्यानं पुन्हा यंत्राकडे बघितलं. पुंजके खाली बसत होते. लहानपणचं घर त्याला आठवलं, किंवा कालपासून ते डोक्यातून गेलंच नव्हतं म्हणा. बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन, आत स्वयंपाकघरात आई, आणि मधल्या पडद्यातून ये-जा करणारा तो. आईबाबा एकमेकांशी बोलत नसत. कशावरून बिनसलं होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि नंतर नंतर त्यांनाही ते आठवत नसावं. बाबा ताटावर बसून म्हणायचे, तिला सांग, भाजीत मीठ नाही. तो पडद्याआड जाऊन म्हणायचा, आई, बाबांना थोडं मीठ हवंय. आई म्हणायची, सांग त्यांना, जिभेला चव असायला आधी मन ठिकाणावर लागतं. तो बाहेर येऊन म्हणायचा, आई देतेय हं. धाकटा तेव्हा रांगता रांगता नुकताच चालायला लागलेला, आणि पुढं चांगला मोठा झाल्यावरही त्याची जागा तीच, पडद्याच्या खाली, अर्धा आत अर्धा बाहेर. त्याला दोन्हीकडचं ऐकू यायचं. आधी मूळ आणि मग दादाचं, आणि तो खदखदून हसायचा. सगळे नातेवाईक म्हणायचे, थोरला किती गुणी आहे बघा, त्याच्यामुळे घर टिकलंय. एकदा मात्र त्याला ताप आला. डोळे उघडता येईनात इतका ताप, आणि दोन खोल्यांमध्ये जायला-यायला कुणी नाही. त्या दिवशी मीठ जास्त पडलं की कमी पडलं कोण जाणे, पण बाबा थेट पडदा सारून आत गेले. जे काय रामायण झालं, ते त्यानं गोधडीत तोंड खुपसून ऐकलं. इतकी वर्षं न बोललेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. भांडी आपटत होती. आपण उठायला हवं, आपण मध्ये जायला हवं, नाहीतर आज हे घर संपलं, एवढंच त्याला वाटत होतं आणि पाय हलत नव्हते. मग सगळं शांत झालं. आणि मग, त्यानं नीट ऐकलं, आई हसली. आईचं तसलं हसणं त्यानं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. बाबांनी मशीनवरून हाक मारली, अरे, उठलास का, जा, आईला सांग. आणि तो धावत गेला. आयुष्यातला सगळ्यांत भयंकर दिवस म्हणून तो तापाचा दिवस त्याच्या लक्षात होता. काल घरी परतताना वाटेत धाकटा त्याला एवढंच म्हणाला होता, दादा, तुला ताप आला होता तो दिवस आठवतो? माझ्या लहानपणातला तेवढा एकच चांगला दिवस होता.

असं म्हणून धाकटा आपल्या गल्लीत वळला, आणि तुरटी घरी पोचायच्या आत सगळी हकिगत घरी पोचलेली होती. जावा-जावांचं फोनवर बोलणं झालेलं. बायकोनं ताट वाढलं, समोर बसली. ती बडबडी नव्हती, पण बोलायला लागली की मधलं एकही पान गाळायची नाही. तिनं विचारलं, या सगळ्यात तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे? तो म्हणाला, अगं, दोघांच्याही म्हणण्यात... तिनं हात वर केला. दोघांचं नको. तुमचं.

तिलाही त्यानं एकाआड एक सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं? तिनं काय कागाळी केली असती? पण तोंडातून एकदा ते निघालं, की तो तिसरा पक्ष झाला असता, त्याचंही एक म्हणणं झालं असतं, आणि म्हणणं असलेल्या माणसाला लोक झोडपू शकतात. निरोप्याला कोण झोडपतं? बायको त्याच्याकडे बघत होती.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, "एकदा तरी म्हणालात का हो, की आज मीठ कमी पडलंय? पडतं की कधीतरी. मी चाखलेलं असतं, मला कळतं. तुम्ही म्हणता छान झालंय. मग मला वाटतं, हा माणूस जेवतो तरी कुठं?"

तो म्हणाला, मला खरंच छान लागतं. ती उठून गेली. आज सकाळी तिनं न बोलता डबा हातात दिला, आणि तोच आता खिडकीत पडून होता.

भांड्यांतलं पाणी वरवर स्वच्छ दिसायला लागलं होतं. त्यानं आकडा टिपून ठेवला, चंचुपात्रं विसळली, विसळलेली पुन्हा विसळली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की जेवणाची सुट्टी कधीच संपली आणि अंगणात एकही माणूस नाही. झडपांवरचा एकजण, पंपावरचा एकजण सोडला तर सगळं केंद्र ओस. मग कँटीनच्या बाजूनं आवाज आला. एका माणसाचा आवाज, मग दुसऱ्याचा, मग बऱ्याच जणांचा. दोन्ही आवाज त्यानं ओळखले. झालं, म्हटलं, आता डोकी फुटणार, आणि महिनाअखेरीला धाकटा रस्त्यावर येणार. डबा उचलून, कशासाठी उचलला ते त्यालाही कळलं नाही, तो जवळजवळ पळतच निघाला.

कँटीनचं दार आतून लावलेलं होतं. आणि दाराबाहेर, भिंतीच्या सावलीत, त्याचा बाक होता. त्यावर आचारी पसरून बसला होता, कांद्यांची परात मांडीवर घेऊन. आपल्याच स्वयंपाकघरातून हाकलून दिलेल्या माणसाचा थाट त्याच्या बसण्यात होता. तुरटीनं दाराला हात घातला, तेव्हा सुरी तशीच हातात ठेवून तो म्हणाला, जाऊ नका आत. तुम्हाला सोडायचं नाही असं सांगितलंय. तुरटीनं विचारलं, कुणी? आचारी म्हणाला, दोघांनी. सकाळपासून एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं जमलंय बघा.

"आणि हा बाक?"

"तोही दोघांनीच काढून मागं टाकला होता, इथं सावलीत मी आणला. एका टोकाला मुकादम, एका टोकाला तुमचे बंधू. टेबलं समोरासमोर ओढायची होती ना. म्हणाले, मध्ये येतोय."

तुरटी बसला. दुसरं काय करणार? आपल्याच बाकावर, पण बाहेर. दारातून आतलं सगळं ऐकू येत होतं. मुकादम ओरडत होता, चोर आहात तुम्ही, चोर, आमच्या पोरांच्या तोंडचा घास पळवता. आणि बाहेर बसल्या बसल्या तुरटीच्या मनानं लगेच वाक्य जुळवलं, मुकादमांना पोरांची काळजी वाटते. धाकटा ओरडला, पगार तुम्ही खाता आणि गाळ आम्ही उपसतो, लाज वाटत नाही? मनानं जुळवलं, धाकट्याला कष्टांची कदर व्हावीशी वाटते. थांबता येईना. उचकी लागल्यासारखं एकामागून एक सुरूच. त्याचा संताप संताप झाला. या लोकांना काय, ओरडायला अक्कल लागत नाही. घसा असला की झालं. इतके महिने त्यानं एकेक शब्द तोलून-मापून नेला, झोपा घालवल्या, बोलणी खाल्ली, दोन्हीकडे हसं करून घेतलं, आणि हे आता दोन घटकांत सगळं मातीत घालणार. आत खुर्ची कोसळली. तो ताडकन उठला. आचाऱ्यानं ओल्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, बसा हो. पडू द्या एखादी खुर्ची. तो उभा राहिला, मग बसला. आत आवाज चढत गेले, इतके की शब्द कळेनासे झाले, आणि त्यामुळे त्याचं मनही नाइलाजानं गप्प झालं.

मग सगळं शांत झालं. तो कान देऊन बसला. कुणीतरी हळू आवाजात काहीतरी बोललं. कुणीतरी विचारलं, म्हणजे कसं? पुन्हा कुणी बोललं. आणि मग आत हशा पिकला. दोन्हीकडचा मिळून एकच हशा. तो ऐकला आणि त्याला गोधडीचा वास आला, तापातल्या अंगाचा वास आला.

दार उघडलं. माणसं बाहेर पडली, घामेजलेली, मोकळी, बिड्या शिलगावत, कायमवाले आणि कंत्राटी अशी सरमिसळ, की कोण कुठल्या टेबलाचा ते ओळखू येईना. मुकादमाचा आवाज पार बसला होता. जाता जाता त्यानं तुरटीच्या खांद्यावर हात ठेवला, जेवलास का, असं घोगऱ्या आवाजात विचारलं आणि उत्तराला न थांबता निघून गेला. धाकटा शेवटी आला. बाकावर टेकला. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं.

"जमलं दादा," तो म्हणाला. "उद्या दोघं मिळून साहेबांकडे जातोय. नोटीस फाडली नाही तर सगळेच फाटकाबाहेर. मुकादमांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"आणि जागा?"

"एकाआड एक. एक त्यांची, एक आमची. इतकं सोपं होतं बघ. कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही आधी?"

तुरटीच्या आत काहीतरी उसळून वर आलं. वाक्य पुरं तयार होतं, मूळचं, काट्यांसकट, की अरे गाढवांनो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुमच्या नादी लागून मी आयुष्य फुकट घालवलं. ते घशापर्यंत आलं, तोंडापर्यंत आलं, आणि त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो म्हणत होता, बरं झालं. तुझा घसा बसलाय, कोमट पाणी घे.

धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला. पडद्याखाली बसून हसायचा तसंच, मोठ्यानं, पोट धरून. हसू ओसरल्यावर त्यानं डोळे पुसले.

"हा झाला निरोप," तो म्हणाला. "आता मूळचं सांग."

"मला माहीत होतं," तुरटी म्हणाला. आवाज चिरका आला, पण मोठा आला. अंगणातले दोघं-तिघं वळून बघायला लागले. "एकाआड एक. नोटीस लागायच्या आधीपासून माहीत होतं मला."

धाकट्यानं ते खरं मानलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. बराच वेळ तो तुटलेल्या बटणाचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला. मग बोलला का नाहीस, हा प्रश्न आता येणार, म्हणून तुरटीनंच आधी विचारलं.

"मी सांगितलं असतं, तर ऐकलं असतं तुम्ही?"

धाकट्यानं खरंच विचार केला. त्याचा हा गुण लहानपणापासूनचा, तोंडदेखलं बोलायचं नाही.

"नाही," तो म्हणाला. "तुझं नसतं ऐकलं."

असं म्हणून तो उठला, दादाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि पाणी प्यायला आत गेला. तुरटी तसाच बसून राहिला. भाऊ वाचला होता. हेच हवं होतं की नाही त्याला? हेच हवं होतं. मग हे छातीत काय ठसठसतंय, ते कुणाला सांगायचं आणि कुणाच्या तोंडून? बोलला असता तर ऐकलं नसतं, आणि बोलला नाही म्हणून बाहेर बसवलं. दोन्ही वाटा बघून झाल्या, आणि दोन्ही याच बाकाशी येत होत्या.

सवय म्हणून त्यानं डबा उघडला. जेवण केव्हाच गार झालं होतं. पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. भाजीत नाही, भातात नाही, कशातच नाही. चुकून राहिलं असेल तर एका पदार्थात राहील. त्याला सकाळचा तिचा चेहरा आठवला, डबा हातात देताना ती काहीच बोलली नव्हती.

"मीठ नाहीये," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, बाबा म्हणायचे तसं.

आचाऱ्यानं कांद्यावरून डोळे वर केले. ते पाण्यानं भरलेले होते.

"मला काय सांगता?" तो म्हणाला. "जिनं केलंय तिला सांगा."